बॅटरी पडद्याआड का?

मंडळी, आजचं लिखाण जरा तिखट आहे, तेव्हा नातेवाईकांनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावं. विषय आहे मोटरसायकलची बॅटरी. "आत्याला आता हेही कळायला लागलं का?" असं ज्या भाचरांच्या मनात आलं असेल त्यांना आधीच सांगते. मी अंबरनाथच्या रस्त्यांवर बारा वर्षं लुना चालवली आहे, तिचा प्लग स्वतः काढून पॉलिश पेपरने घासला आहे, आणि फिरवणारा हात बाईचा आहे की पुरुषाचा हे स्क्रूला अजून तरी ओळखता येत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. बॅटरी ही झिजणारी, ठराविक काळाने मरणारी वस्तू आहे. ज्याने पैसे मोजून गाडी घेतली त्याचा हात, गाडीसोबत दिलेल्या पान्याने, पाच मिनिटांत बॅटरीपर्यंत पोचला पाहिजे. पोचत नसेल, आणि त्यासाठी अर्धी गाडी सोलावी लागत असेल, तर ती गाडी मुद्दाम तशी बनवली आहे किंवा बनवणाऱ्याने मालकाचा विचारच केलेला नाही. दोन्ही गोष्टी मला सारख्याच संतापजनक वाटतात.

आधी बॅटरीविषयी थोडं, शिक्षकी सवयीने. दुचाकीची नेहमीची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. सहा कप्पे, प्रत्येकात दोन व्होल्टच्या थोडी वर वीज. पूर्ण भरलेली असेल तर मीटर साडेबाराच्या वर दाखवतो. बाराच्या खाली आला की ती रिकामीच समजायची. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी होत नाही. तीन-चार वर्षांनी ती जाणार हे गाडी काढणाऱ्या कंपनीला माहीत असतं, विकणाऱ्याला माहीत असतं. टायर, ब्रेकचे शू, प्लग, तशीच ही. टायर कुणी पॅनलमागे लपवलेला पाहिलात का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. लुनाला तर बॅटरीच नव्हती, पायडल मारलं की झालं. स्प्लेंडर आल्या १९९४ च्या सुमारास. त्यांचं बाजूचं झाकण काढलं की बॅटरी समोर. पाण्याची बॅटरी होती तेव्हा ह्यांचा उन्हाळ्यातला एक कार्यक्रमच असे, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणायची, खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायची, वर थोडं व्हॅसलीन लावायचं. रविवारी सकाळी चहा होईपर्यंत काम संपे. त्यासाठी कुणाला इंजिनियर व्हावं लागत नव्हतं.

आता ऐका बदलापूरच्या भाच्याच्या गाडीची कथा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एकीचं घेतलं तर बाकीच्या उगाच सज्जन ठरतील. गाडी दिसायला देखणी, पुढून पाहिलं की चवताळलेल्या गांधीलमाशीसारखी. चार वर्षांची झाली आणि एका सकाळी सेल मारला तर नुसतं टिक टिक टिक. बॅटरी गेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भाचा नवी बॅटरी घेऊन आला. मग बॅटरी कुठे आहे याचा शोध सुरू झाला.

सीट काढली. खाली दोन बोल्ट. ते काढल्यावर मागचं पॅनल सैल झालं, पण निघेना, कारण त्याची प्लॅस्टिकची जीभ टाकीच्या बाजूच्या पॅनलखाली अडकवलेली. म्हणून ते काढायचं. त्याचे दोन स्क्रू समोर दिसतात, तिसरा दिसतच नाही, कारण तो पुढच्या मोठ्या फेअरिंगच्या काठाखाली आहे. म्हणून फेअरिंग सैल करायचं. त्याला ॲलन की लागते, तीही दोन मापांची, आणि मध्ये मध्ये ती प्लॅस्टिकची बटणं, ज्यांची मधली खिळी दाबली की बाहेर यायला हवी पण चार पावसाळे खाल्ल्यावर ती कशाला येते! शिवाय इंडिकेटरची वायर आतून जोडलेली, ती आठवणीने काढली नाही तर तुटणार. पोराने मोजले, अकरा स्क्रू, चार बटणं आणि सात खाचा. सातातल्या दोन जिभा काडकन मोडल्या. हे सगळं कशासाठी? दोन वायरी सोडवून अडीच-तीन किलोचा एक डबा बाहेर काढण्यासाठी.

आता कोणी म्हणेल, घरी कशाला केलं, सर्व्हिस सेंटरला न्यायची. न्यायची कशी? गाडी बंद आहे! किक नाही. कात्रपहून सेंटरपर्यंत टेंपोत घालून न्यायची, टेंपोचे पैसे वेगळे, तिथे मजुरी वेगळी, आणि "आज ठेवून जा, परवा मिळेल" हे ऐकायचं. म्हणून भाचा उघड्या पडलेल्या गाडीसह मला फोन करून म्हणाला, "आत्या, तुझा तो उल्हासनगरचा विद्यार्थी आहे ना, त्याला विचार ना जरा."

त्या विद्यार्थ्याविषयी सांगायलाच हवं. दहावीला गणितात जेमतेम पास झालेला हा मुलगा आयटीआय करून आज कॅम्प चारला स्वतःचं गॅरेज चालवतो. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक काँप्रेसर, दोन पोरं आणि भिंतीवर टांगलेले पाने. उल्हासनगर ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, आणि ज्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं त्यांनी जे हाताला लागेल ते उघडून, दुरुस्त करून, नव्याने बनवून गाव उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. पण त्या विनोदात कौतुकही होतं. माणसाने जोडलेली वस्तू माणसाला उघडता येणारच, असा त्या गावाचा विश्वास आहे.

तर तो मला म्हणाला, "बाई, बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात. बॅटरीपर्यंत पोचायला पाऊण तास. पाऊण तासाचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरीच तर बदलली, एवढे कसले? आणि एखादा लॉक तुटला तर म्हणतं, तू तोडलास. लॉक सुटा मिळत नाही, अख्खं पॅनल घ्यावं लागतं. म्हणून हल्ली मी अशा गाड्या घेतच नाही, सांगतो शोरूमला ने."

हे शेवटचं वाक्य मला बोचलं. कुणीही कायदा केला नाही, कुणी पत्र्याच्या शेडवर बुलडोझर घातला नाही. फक्त प्लॅस्टिकच्या सात जिभा अशा ठिकाणी ठेवल्या की कॅम्प चारचा हुशार कारागीर आपणहून मागे सरला. अंबरनाथ ते शहाड रस्त्याच्या कडेला असे किती असतील! ज्या पॅनलची जीभ मोडली ते नवं घ्यायला भाच्याला बावीसशे पडले, बॅटरीला चौदाशे. नातेवाईकांपैकी ज्यांनी माझ्याकडे अपूर्णांक शिकले त्यांनी काय ते समजून घ्यावं.

यावर एक उत्तर तयार असतं. "अहो, जमाना बदलला. आताच्या गाड्या आधुनिक आहेत, पूर्वीसारख्या नाहीत." बरोबर. तेच तर मी म्हणते आहे! जमाना कसा बदलला ते नीट पाहू या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटताच राहतो, बंद करायचं बटणच नाही. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यालाही वीज हवी. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा आलं आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोल ओढायला विजेचा पंप, ते किती द्यायचं हे ठरवायला संगणक. आणि याच सुमारास कित्येक गाड्यांची किक गेली. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर चांगलीच आहे. धूर कमी झाला, ब्रेक सुधारले, दिव्यामुळे समोरची गाडी दिसते. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण या सगळ्याची बेरीज काय? पूर्वी बॅटरी मेली तर हॉर्न मंद वाजायचा, आपण किक मारून घरी यायचो. आता बॅटरी पार मेली तर गाडी ढकलूनही सहसा सुरू होत नाही. म्हणजे बॅटरी गाडीचं काळीज झाली, आणि नेमकी त्याच काळात ती अकरा स्क्रूंच्या आड गेली. आधुनिक गाडीत ती जास्त हाताशी यायला हवी होती!

विजेच्या स्कूटरवाल्यांनी हसू नये. त्यांतल्या अनेकींत मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते. ती झोपली की मोठी भरलेली असूनही स्कूटर डोळे उघडत नाही.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिथे येते. आपण कुठे राहतो? उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या काठी. २६ जुलै २००५ या भागातला कुणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढलं, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पण त्याच पाण्यात बदलापूर पश्चिमेला तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ज्या दुचाक्या बुडाल्या त्या कुणी दाखवल्या नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ज्यांनी हप्त्याने गाडी घेतली आणि हप्ते फिटायच्या आत ती गढूळ पाण्यातून काढली, त्यांना विचारा.

बुडालेल्या गाडीचं पहिलं काम कोणतं, हे कुठलाही जाणता मेस्त्री सांगतो. चावी लावायची नाही. सेल मारायचा नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह. (उलट केलं आणि पाना चुकून चेसिसला टेकला तर ठिणग्या उडतात, निगेटिव्ह आधी काढली असेल तर टेकला तरी काही होत नाही. जोडताना मात्र पॉझिटिव्ह आधी.) गढूळ पाणी वीज वाहून नेतं. बॅटरी जोडलेली राहिली तर पाण्यातल्या प्रत्येक जोडावर ती हळूहळू काम करत राहते, पिना हिरव्या पडतात, वायरिंग आतून कुजतं. पाणी ओसरल्यावर ऑइल बदलता येतं, एअर फिल्टर बदलता येतो. संपूर्ण वायरिंग आणि संगणक बदलायचा म्हटला की लोक कपाळाला हात लावतात.

पाणी यायच्या आधी वायर काढता आली तर सगळ्यात उत्तम. आणि तेवढा वेळ बऱ्याचदा मिळतोही. नदीने इशारा पातळी ओलांडली की कळतं, रात्री लाऊडस्पीकरची गाडी फिरते. गाडी उंचावर नेणं जमलं तर ठीक. नाही जमलं तर एक दहाचा पाना आणि पाच मिनिटं, इतकंच हवं. आता डोळ्यांपुढे आणा. वीज गेलेली, घोट्याएवढं पाणी, वरून पाऊस, आजीला वरच्या मजल्यावर न्यायचंय, गॅस सिलिंडर उचलायचाय. आणि तुम्ही मोबाइलच्या उजेडात फेअरिंगच्या काठाखालचा तिसरा स्क्रू शोधताय! असा माणूस ही गाडी घेणार आहे, असं कागदावर रेघा ओढताना एकाच्याही मनात आलं नसेल?

पूर सोडा, लॉकडाउन घ्या. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, त्या जूनच्या मध्यावर मोजक्या आणि फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या. आमच्या बिल्डिंगमधली एक नर्स त्या दिवसांत रोज स्कूटीने ठाण्याला जायची. बाकीच्यांच्या गाड्या दोन-अडीच महिने खाली उभ्या. उभ्या गाडीतही घड्याळ, संगणक थोडी थोडी वीज पीतच असतात. ज्यांची बॅटरी सीटखाली होती त्यांनी एक वायर काढून ठेवली आणि जूनमध्ये पहिल्या सेलला गाडी सुरू केली. ज्यांची पॅनलमागे होती त्यांनी नव्या बॅटऱ्या घेतल्या.

पॅनलच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. पहिलं, चोरी. उघड्यावर बॅटरी असली की चोर नेतो. मान्य. मग झाकणाला किल्ली द्या, पूर्वी असायचीच. किंवा सीटखाली ठेवा, सीटला कुलूप आहेच. आजही कित्येक गाड्यांत ती तिथेच असते आणि त्या गाड्या काही महाग नाहीत. म्हणजे जमतं. दुसरं, वजन मध्यभागी हवं म्हणे, तोल साधायला. अडीच किलोच्या डब्याचा तोल! मागे बसलेला मित्र, त्याची सॅक आणि हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी यांचा तोल कोण साधतं?

तिसरं म्हणणं वाऱ्याचं, आणि ते मला सगळ्यात मजेशीर वाटतं. फेअरिंग वारा कापायला असतं, हे खरंच आहे. इटलीतल्या मोटो गुझी कंपनीने त्यासाठी १९५० साली स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधला होता. पुढचं चाकसुद्धा झाकणारी कवचं तेव्हा शर्यतीत आली. आडव्या वाऱ्यात ती धोक्याची ठरली म्हणून १९५७ च्या हंगामानंतर बंद करण्यात आली. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० ला जेवढा विरोध, त्याच्या सोळावा हिस्सा ताशी ३० ला. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी सातला ताशी ३० मिळाले तर नारळ फोडावा. तिथे हे कवच कोणता वारा कापतं? रिक्षाचा धूर कापत असेल तर माहीत नाही.

आणि ज्या शर्यतीच्या गाडीची ही नक्कल आहे, तिचं काय? तिथे फेअरिंग मिनिटा-दोन मिनिटांत उतरवतात. त्यासाठी खास पाव वळशात सुटणारे स्क्रू असतात, झूस नावाचे. कारण शर्यतीत मेकॅनिकला आत हात घालावा लागतोच आणि वेळ नसतो. म्हणजे आपल्याकडे नक्कल झाली ती रंगाची, स्टिकरची, टोकदार नाकाची. झटकन निघण्याची सोय तेवढी नक्कल करताना गळाली! वर्गात असं कुणी केलं तर मी म्हणायचे, कॉपी करायची तर निदान नीट कर.

तरुण मुलांना फेअरिंग आवडतं याला माझी हरकत नाही. आवडू दे. सुंदर दिसतंच. मला फक्त ते सदऱ्यासारखं हवं, बटणं काढली की निघणारं.

सरकारचं म्हणाल तर दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्याकडे झाली आहे, होते आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या जुलैत ग्राहक खात्याने समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक दिनी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला वाहनंही आहेत. हे सगळं चांगलं. पण सुटा भाग मिळाला, माहितीपुस्तिका मिळाली, तरी तो सातवा लॉक तिथेच राहतो. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याला गुण द्यायची पद्धत फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून सुरू केली, तेव्हा फोन, लॅपटॉप, टीव्ही, धुण्याचं मशीन अशा वस्तूंवर तो आकडा दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही अशा निर्देशांकाबद्दलचा अहवाल २०२५ च्या मे महिन्यात सरकारला सादर झाला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. दुचाकीचा त्यात समावेश नाही. ज्या देशात बाप मुलाला पहिली मोठी वस्तू दुचाकीच घेऊन देतो, तिथे दुचाकी का नको? शोरूममध्ये मायलेजचा आकडा सांगतात तसाच बॅटरीपर्यंत पोचायला लागणाऱ्या स्क्रूंचाही सांगावा. सोबतची पुस्तिका मराठीत हवी, आणि "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा" या एका वाक्यावर बोळवण न करता पॅनल काढण्याचा क्रम चित्रांसह हवा. सीटखालची पान्यांची पिशवी बऱ्याच गाड्यांतून गायब झाली आहे, तीही परत हवी. आणि मोडणाऱ्या जिभा सुट्या मिळाव्यात, अख्खं पॅनल गळ्यात मारू नये.

तोवर ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी सही करण्याआधी विक्रेत्या पोराला एवढंच म्हणावं, "बॅटरी दाखवा." सांगू नका, दाखवा. अंबरनाथला मी भाच्याच्या धाकट्या भावासोबत गेले होते तेव्हा असंच म्हटलं. तो मुलगा आधी हसला, मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, मग म्हणाला, "मॅडम, ती आत असते." आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे सीट उचलली आणि दाखवली. गाडी तिथून घेतली.

असो. मी एक वही केली आहे. गाडीचं मॉडेल आणि साल, बॅटरीपर्यंत पोचायला किती स्क्रू, किती बटणं, किती खाचा, किती मिनिटं, आणि काय काय मोडलं. आत्तापर्यंत घरच्या आणि शेजारच्या मिळून नऊ गाड्या झाल्या आहेत. सगळ्यात कमी दोन स्क्रू, सगळ्यात जास्त भाच्याचे अकरा. तुमच्या गाडीचे आकडे मला कळवा. अंदाजे नको, मोजून.